रुळल्याचा दाखला

सन १९५६च्या जून महिन्यात चिंचवडच्या महाविद्यालयाच्या निदर्शनास असे आले, की नवीन विद्यार्थी हे नवीन असतात. आदल्या वर्षी ही बाब कोणाच्या ध्यानात आली नव्हती, कारण आदल्या वर्षी महाविद्यालयच नवीन होते आणि तास कुठल्या खोलीत आहे हे प्राध्यापकच विद्यार्थ्यांना विचारीत. यंदा प्राध्यापक जुने झाले होते. त्यामुळे दुसऱ्याचे नवेपण त्यांच्या डोळ्यांत भरू लागले.

महाविद्यालयाचे नाव सांगत नाही, कारण नावाचा फलक अजून रंगाऱ्याकडून यायचा होता. ते भरत असे गुळाच्या एका जुन्या वखारीत. वर पत्रा, मधे बांबूच्या तट्ट्याच्या भिंती. गूळ केव्हाच गेला होता, पण मुंगळ्यांना तसे कोणी कळवले नसावे. ते रोज अकराला न चुकता हजर असत.

तर या नवेपणावर इलाज म्हणून 'नवागत विद्यार्थी रुळवणूक समिती' स्थापन झाली आणि कार्यवाह म्हणून प्राध्यापक उद्धवराव यांची एकमताने निवड झाली. उद्धवराव अर्धमागधी शिकवीत. म्हणजे शिकवणार होते. त्या विषयाला अजून एकही विद्यार्थी मिळाला नव्हता, आणि विद्यार्थी नसलेल्या प्राध्यापकाचे काय करायचे हा विषय संचालकांच्या प्रत्येक बैठकीत शेवटून दुसरा असे. माणूस वाईट नव्हता. घरी म्हातारी आई, चार मुली, आणि आवाज असा गोड की त्यांनी नाही म्हटले तरी ऐकणारा आभार मानून परत फिरे. त्यांना समितीसाठी एक खोली, एक टेबल आणि एक घंटा मिळाली. आता फक्त न रुळलेले विद्यार्थी हवे होते.

पहिल्याच दिवशी सगळ्या नवागतांना तीन पानी प्रश्नावली वाटण्यात आली. प्रश्न सतरावा असा होता : 'आपण महाविद्यालयीन जीवनात रुळला आहात काय? (होय / नाही)'. वेळ सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांची. कॉलेज अकराला सुरू झाले होते. चौऱ्याऐंशी विद्यार्थ्यांपैकी त्र्याऐंशी जणांनी 'होय' लिहिले. त्यांतल्या निम्म्यांनी प्रश्न वाचलाच नव्हता, आणि ज्यांनी वाचला त्यांना छापील कागदाला होय म्हणायचे असते एवढे घरून शिकवलेले होते. निघोज्याच्या ज्योतीरामने मात्र टाक खाली ठेवून थोडा विचार केला आणि खरे ते लिहिले : 'नाही. आताच आलो.'

या ज्योतीरामाची गोष्ट अशी, की तो सात वर्षांचा असताना त्याच्या आईच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. पाय सुजला, ताप चढला आणि नवव्या दिवशी ती गेली. काट्याने माणूस मरतो याचे तेव्हा निघोज्यात कोणाला नवल वाटले नाही. पुढे पिंपरीला औषधाचा कारखाना निघाला. चाकणच्या शाळेतल्या मास्तरांनी वर्गात सांगितले, की तिथे बुरशीपासून औषध काढतात आणि ते टोचले की असली माणसे वाचतात. शिळ्या भाकरीवर येते ना, तसलीच बुरशी. ते ऐकल्यापासून पोराच्या डोक्यातून बुरशी जाईना. ते औषध कसे करतात हे शिकायचे, याखेरीज त्याला कॉलेजात दुसरे काहीही करायचे नव्हते.

चुलते अर्जुनराव यांनी त्याला एक वर्ष दिले होते. "एक वरीस," ते म्हणाले होते. "पास झालास तर फुडं शीक, मी आडवा येनार न्हाई. न्हाई झालास तर औत वाट बघतंय. मला दुसरा गडी न्हाई." अर्जुनराव बोलायचे कमी आणि बोललेले मोडायचे नाहीत. ज्योतीरामने काळेवाडीला आत्याच्या, सुभद्राबाईंच्या घरी वळकटी टाकली आणि रोज पवना ओलांडून तो चिंचवडला येऊ लागला.

दुसऱ्या दिवशी रसायनशास्त्राचा पहिला तास. तो बाकावर टेकतो न टेकतो तोच प्रयोगशाळेचा शिपाई बरकत दारात उभा राहिला. "ज्योतीराम कोन हाय? समितीनं बोलावलंय."

उद्धवरावांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि इतक्या मायेने त्याच्याकडे पाहिले की ज्योतीरामला घरी काही झाले की काय अशी शंका आली.

"भिऊ नकोस. तू एकटा नाहीस," उद्धवराव म्हणाले. वस्तुतः तो एकटाच होता.

"सर, माझा तास चाललाय."

"तोच तर मुद्दा आहे. न रुळलेल्या मुलाला एकदम तासाला बसवणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला पाण्यात ढकलणं. आधी रुळायचं, मग शिकायचं. तसा ठरावच आहे."

ज्योतीरामला त्याच्या चुलत्याने इंद्रायणीत ढकलूनच पोहायला शिकवले होते, पण ठरावापुढे नदीचे काय सांगणार? त्याने विचारले, "किती दिवस लागत्याल?"

"ते सर्वस्वी तुझ्यावर आहे, बाळ," उद्धवराव म्हणाले आणि त्यांनी घंटा वाजवली. ऐकायला दुसरे कोणी नव्हते, पण तास सुरू झाला होता.

रुळवणूक वर्गाचा अभ्यासक्रम समितीने मोठ्या मेहनतीने आखला होता. पहिला पंधरवडा 'वर्गात कसे बसावे' यावर गेला. वर्गात बसण्यास मनाई असल्याने तो फळ्यावर आकृत्या काढून पार पडला. मग 'शंका कशी विचारावी'. यात ज्योतीरामने एकदा हात वर केला, तेव्हा त्याला सांगण्यात आले, की प्रत्यक्ष शंका विचारणे हा भाग आठव्या व्याख्यानात आहे, सध्या तिसरे चालू आहे. नंतर 'ग्रंथालयाचा सदुपयोग'. ग्रंथालय म्हणजे एक कपाट होते आणि त्याची किल्ली ग्रंथालय उपसमितीकडे होती. ती उपसमिती अजून नेमली गेली नव्हती. पाठोपाठ 'प्रयोगशाळेचा परिचय' सुरू झाला. उद्धवरावांनी खडूने परीक्षानळी काढली. ती दुधीभोपळ्याच्या वळणावर गेली, कारण त्यांनीही खरी परीक्षानळी जवळून पाहिली नव्हती.

खरी प्रयोगशाळा तट्ट्याच्या पलीकडे होती. हाताने तट्टा दाबला तर बोट पलीकडे निघावे इतकी जवळ. तिकडून रसायनाच्या प्राध्यापकांचा आवाज येई. अर्धे इंग्रजी, अर्धे मराठी, पण स्वच्छ. ज्योतीराम डोळे उद्धवरावांकडे लावी आणि कान तट्ट्याला. महिनाभरात त्याला 'कॉपर सल्फेट' तापवले की काय होते, ते का होते, त्यातले पाणी कुठे जाते, हे सगळे तोंडपाठ झाले. कॉपर सल्फेट म्हणजे कसले दिसते हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. एवढे भारदस्त नाव, म्हणजे काहीतरी सोन्यासारखे असणार असे त्याने धरले होते.

ऑगस्टात त्याचा धीर सुटला. तो उद्धवरावांना म्हणाला, "सर, मी रुळलो."

उद्धवरावांनी मान हलवली. "रुळलेला विद्यार्थी असं कधी म्हणत नाही. तुला घाई झाली आहे. घाई हे न रुळल्याचं पहिलं लक्षण."

पुढल्या आठवड्यात ज्योतीराम गप्प राहिला. अहवालात नोंद झाली : 'विद्यार्थी कुढतो.' त्याच्या पुढल्या आठवड्यात तो मुद्दाम हसतखेळत वावरला. नोंद झाली : 'रुळल्याचा आव आणतो.' शेवटी त्याने हात जोडले. "सर, त्या कागदावर मी 'नाही' लिवलंय, ते खोडून 'होय' लिवतो."

"शाईनं लिहिलेलं आहे. खाडाखोड चालत नाही."

"मग नवा कागद द्या."

"नवा कागद नव्या विद्यार्थ्याला. तू आता नवा कुठे राहिलास?"

"नवा न्हाई तर मग मी रुळलेला की, सर."

"ते कसं म्हणता येईल?" उद्धवराव कळवळून म्हणाले. "तू रुळला नाहीस हे तर तुझ्याच अक्षरात आहे."

हे सारे ते खोटेपणाने बोलत नव्हते, हीच खरी अडचण होती. पोराचे भले व्हावे असे त्यांना मनापासून वाटे. फक्त ते भले जरा सावकाश व्हावे, एवढेच त्यांच्या चार मुलींच्या दृष्टीने सोयीचे होते. ज्योतीराम रुळला की समिती संपली, समिती संपली की खोली गेली, आणि मग बैठकीतला तो शेवटून दुसरा विषय. याचा राग यावा की कीव, ते ज्याचे त्याने ठरवावे. मला दोन्ही येतात.

दिवाळी झाल्यावर अर्जुनराव चाकणच्या बाजारातून परस्पर कॉलेजात आले. पागोटे, खांद्यावर घोंगडी, पायांत नव्या वहाणा. त्यांनी उद्धवरावांना रामराम घातला आणि उभ्यानेच विचारले, "मास्तर, पोरगं शिकतंय न्हवं?"

"आपला ज्योतीराम रुळतो आहे, अर्जुनराव. प्रगती समाधानकारक आहे."

"कवापासनं रुळतंय?"

"जूनपासून."

अर्जुनरावांनी बोटे मोजली. "आमचा खोंड पंधरा दिसांत रुळला."

"माणसाचं मन नाजूक असतं. आधी ते तयार करावं लागतं. न रुळलेल्याला एकदम कामाला जुंपणं बरं नाही."

"मास्तर, खोंड रुळवायचा म्हंजे जुन्या बैलाच्या जोडीला जुंपायचा. चार सरी वाकड्या जात्यात, पाचवी सरळ येती. दावणीला बांधून त्याच्याम्होरं औताच्या गोष्टी केल्या, तर त्यो जलमभर रुळनार न्हाई. जुंपल्याबिगर बैल रुळत न्हाई."

उद्धवराव दिपून गेले. त्यांनी लगेच वही काढली आणि लिहून घेतले : 'पालकांचे मौलिक विचार. जुना बैल – नवा बैल. योजनेत अंतर्भाव करावा.' दुसऱ्याच दिवशी त्यांनी 'जोडीदार योजना' मांडली : नवागताच्या जोडीला एक रुळलेला विद्यार्थी द्यावा. ज्योतीरामच्या आशेला पालवी फुटली. पण समितीच्या अध्यक्षांनी हरकत काढली, की रुळलेला विद्यार्थी म्हणजे ज्याच्याजवळ समितीचा रुळल्याचा दाखला आहे तो, आणि असा दाखला अजून कोणालाच दिलेला नाही. सबब पहिला दाखला निघेपर्यंत जोडीदार योजना स्थगित झाली.

जानेवारीत पुण्याहून पाहणी करायला विद्यापीठाचे तिघे सदस्य येणार असल्याचे पत्र आले. कॉलेजात चुना फिरला, मुंगळ्यांवर हळद पडली. फलक अखेर रंगून आला; त्यात 'विद्यालय' एवढेच बसले होते, 'महा' वर बारीक अक्षरात घातले होते. उद्धवराव वेशीपर्यंत पाहुण्यांना आणायला गेले आणि रुळवणूक वर्ग आठ महिन्यांत पहिल्यांदा मोकळा राहिला.

मधल्या सुट्टीची वेळ. बरकत प्रयोगशाळेच्या बाटल्या पुसत होता. दारात ज्योतीराम उभा. आत यायचे धाडस नाही, जायचे मन नाही.

"ये की भावा," बरकत म्हणाला. "आठ म्हैने झाले, तट्ट्याला कान लावून बसतोस. माझ्याबी ध्यानात हाय ते. काय बघायचंय?"

"कॉपर सल्फेट."

बरकतने कपाटातून बाटली काढून पुढे केली. निळे निळे खडे. ज्योतीरामने एक खडा तळहातावर घेतला, उलटापालटा केला, आणि त्याचे तोंड उघडेच राहिले.

"हे तर मोरचूद हाय. बैलाच्या खुराला लावतो आमी."

"व्हय, मोरचूदच. हितं त्याला इंग्रजी नाव हाय म्हनून कुलपात ऱ्हातंय." बरकतने दिवा पेटवून दिला. "कर, काय करायचं ते. पन जल्दी."

पहिलीच वेळ, तरी ज्योतीराम कुठे अडला नाही. त्याने खडे कुटले, नळीत घातले, नळी तिरकी धरली आणि आचेवर हलती ठेवली. कडेला पाण्याचे थेंब जमू लागले. निळे हळूहळू फिकट झाले आणि शेवटी पिठासारखे पांढरे पडले. तो थांबला. नळी गार होऊ दिली. मग बोटाने पाण्याचा एक थेंब आत सोडला, आणि पांढऱ्यात पुन्हा निळे उमलले. ज्योतीरामला आईची आठवण झाली. का झाली ते त्यालाही सांगता आले नसते. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्याने ते तसेच राहू दिले.

त्याच क्षणी तिघे पाहुणे, अध्यक्ष आणि उद्धवराव आत आले. बरकतच्या हातातले फडके गळून पडले.

मुख्य पाहुण्यांनी चष्मा सावरला. "काय चाललंय?"

ज्योतीरामने जे चालले होते ते सांगितले. खड्यातले पाणी, ते कसे जाते, कसे परत येते, सगळे, तट्ट्यातून आले होते तसे, अर्धे इंग्रजीत आणि अर्धे मराठीत. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिले.

"कोण हा मुलगा?"

"नवागत आहे," अध्यक्ष म्हणाले. "आमच्या रुळवणूक समितीचा विद्यार्थी."

"नवागत? हा तर पुरता रुळलेला आहे. समितीकडे एकूण विद्यार्थी किती?"

"एक," उद्धवराव पुटपुटले.

"आणि रुळले किती?"

"एक," अध्यक्ष म्हणाले.

"म्हणजे निकाल शंभर टक्के," पाहुणे म्हणाले. "असा निकाल आम्ही कुठे पाहिला नाही. इतकी चांगली योजना एकाच मुलापुरती ठेवणं योग्य नव्हे. पुढल्या जूनपासून सर्वच नवागतांना आधी समितीकडे पाठवावं. जो रुळेल तोच वर्गात."

उद्धवरावांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांना तीन सहायक आणि दुसरी घंटा मंजूर झाली. ज्योतीरामला तिथल्या तिथे दाखला मिळाला : 'सदर विद्यार्थी पूर्णपणे रुळला असे.' खाली अध्यक्षांची सही, बाजूला गोल शिक्का. बरकतला विनापरवाना दिवा पेटवल्याबद्दल लेखी समज मिळाली.

दाखला घेऊन ज्योतीराम धावतच परीक्षेचा अर्ज भरायला कचेरीत गेला. कारकुनाने दाखला वाचला, शिक्का निरखला आणि हजेरीपट उघडला.

"तुझी टर्म मंजूर होत नाही. वर्गातली हजेरी शून्य."

"मी एक दिवस चुकलो न्हाई. समितीच्या वर्गात रोज होतो."

"ती हजेरी रुळण्यात धरली. शिकण्यात कशी धरणार?" कारकून म्हणाला. त्यालाही पोराचे वाईट वाटले असावे, कारण तो जरा पुढे वाकला. "जूनमध्ये पुन्हा नाव घाल. दाखला आहेच तुझ्याकडे."

"मग जूनमधी थेट वर्गात बसू देतील?"

"तसं नाही. नव्यानं नाव घातलंस म्हणजे तू नवागत झालास. प्रश्नावली भरावी लागेल."

ज्योतीराम निघोज्याला गेला. अर्जुनरावांनी दाखला हातात घेतला. वाचता येत नसल्याने त्यांनी शिक्क्यावर अंगठा फिरवून पाहिला. "ह्याच्यावर पास लिवलंय का?"

"न्हाई. रुळलो म्हणून लिवलंय."

अर्जुनरावांनी दाखल्याची नीट घडी घालून तो पोराला परत दिला. "तुझा गुन्हा न्हाई, बाबा. पर वरीस संपलं."

दोन दिवस ज्योतीरामने औत धरले. तिसऱ्या दिवशी काळेवाडीहून आत्याचा निरोप आला, की पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात बाटल्या धुवायला माणसे घेतायत. रोकड पगारात दुसरा गडी ठेवता येईल, या हिशेबाने अर्जुनरावांनी होकार दिला. ज्योतीरामला पगाराचे काही नव्हते. आत बुरशी होती.

फाटकाशी टेबल मांडून एक जण अर्ज भरून घेत होता. अर्ज छापील होता. नाव, गाव, वय. शेवटचा प्रश्न : 'या कामाचा पूर्वानुभव आहे काय? (होय / नाही)'.

ज्योतीरामने आयुष्यात औषधाची बाटली धुतली नव्हती. त्याने टाक उचलला. पण या खेपेला त्याने तो खाली ठेवला नाही, विचार केला नाही, प्रश्न पुन्हा वाचलाही नाही. त्याने लिहिले : 'होय.' टेबलावरच्या माणसाने वर न बघता शिक्का मारला.

बाटल्या धुण्याच्या जागेला लागून एक भिंत होती. पलीकडे औषध तयार होत असे. ज्योतीरामने पहिल्या दिवशी भिंतीला कान लावून पाहिला. भिंत विटांची होती. काही ऐकू आले नाही.

म्हणजे समितीचा दाखला खोटा नव्हता. तिने पोराला खरोखरच रुळवले. आठ महिने लागले, खोली लागली, घंटा लागली, पण रुळवले. राहता राहिलात तुम्ही, वाचकहो. आजवर भरलेल्या छापील कागदांवर तुम्ही काय काय लिहीत आलात, ते एकदा सवडीने आठवून पाहा. तुमच्यासाठी तर कोणाला समितीही नेमावी लागली नव्हती.